क्यू द्या, बाबा

रात्री अकरा चाळीसला फोन वाजला. 'हाय डियर, सेल्फ टेस्ट हवी आहे, अर्जंट, सकाळी नऊच्या आत.' सेल्फ टेस्ट म्हणजे ऑडिशन आपणच फोनवर शूट करून पाठवायची. कास्टिंगवाले सगळ्यांनाच डियर म्हणतात, त्यात हुरळून जाण्यासारखं काही नसतं हे कळायला मला दोन वर्षं लागली. अंधेरीच्या रूमवर असतो तर चारातला एक तरी जागा असता आणि समोर उभं राहून त्याने क्यू दिला असता, पण मी गणपतीला सांगलीला आलेलो आणि घरात जागे होते फक्त बाबा, तेही अ‍ॅसिडिटीमुळे.

क्यू म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं, कॅमेऱ्यामागून कुणीतरी वाचायची, म्हणजे आपल्याला रिअ‍ॅक्ट होता येतं. सीन ब्रेकअपचा. मी अमन आणि बाबा रिया.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे स्टँडवर त्या काचेच्या खोलीत बसून माइकवर गाड्या पुकारायच्या. नट व्हायचंय असं मी सांगितलं तेव्हा 'घरात कुणी केलंय का असलं' असं विचारणारा हा माणूस स्वतः रोज आठ तास लाइव्ह परफॉर्मन्स करत होता.

खरं तर सांगलीत असं विचारायचंच नसतं. आमच्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात, 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' इथेच केलं, त्यामुळे इथे पानवाला पण तुम्हाला पॉज कुठे घ्यायचा ते सांगतो. अशा गावात माझं पदार्पण झालं तिसरीत, झाड म्हणून. दोन्ही हातात आंब्याचे टाळे धरून पंचवीस मिनिटं उभा होतो, मुंग्यांसकट. आई म्हणाली, 'अजिबात हलला नाहीस बघ.' माझ्या अभिनयावर आजवर आलेली ही सर्वात चांगली प्रतिक्रिया.

मग पुण्याला कॉलेज, म्हणजे कागदोपत्री कॉमर्स आणि प्रत्यक्षात पुरुषोत्तम करंडक, कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. पावसाळ्यात रात्र रात्र तालमी, वडापाववर जगणं आणि भरत नाट्य मंदिरात 'अरे आव्वाज कुणाचा' करून घसा एवढा बसवायचा की स्वतःच्या एकांकिकेत आवाजच निघायचा नाही. पहिल्या वर्षी मी बॅकस्टेज, दुसऱ्या वर्षी गर्दीतला एक, तिसऱ्या वर्षी तीन वाक्यं, त्यातलं एक मी विसरलो. परीक्षकांच्या निकालाच्या भाषणात आमच्या एकांकिकेतल्या शांततेचं कौतुक झालं, ती शांतता माझीच होती.

मुंबईत आरामनगर. वर्सोव्याला जुन्या बैठ्या बंगल्यांची वस्ती आहे, जवळपास घर सोडून घर कास्टिंगचं ऑफिस. सकाळी पाठीवर सॅक टाकून निघायचं, गेटवर विचारायचं 'कुछ चल रहा है क्या', आतला पोरगा एकदा वरपासून खालपर्यंत बघणार आणि म्हणणार 'नॉट फिट'. सुरुवातीला मला वाटलं तब्येतीवरून बोलतोय, मी महिनाभर दोरीच्या उड्या मारल्या. आत घेतलंच तर हातात पाटी, त्यावर नाव, उंची, वय, फोन, मग डावी बाजू, उजवी बाजू, मग हात दाखव. हात का बघतात ते मला कळत नव्हतं, कळलं ते पहिल्या मालिकेच्या वेळी. मी कुरियरवाला होतो, पूर्ण शिफ्ट केली, मेकअप केला, 'मॅडम पार्सल' हे वाक्य सतरा पद्धतींनी पाठ केलं, आणि टीव्हीवर दिसला फक्त माझा हात, पार्सल देताना. पण मावशीने ओळखला! मनगटावरचा भाजल्याचा डाग बघून तिने अख्ख्या बिल्डिंगला बोलावलं. पैसे 90 दिवसांनी मिळणार होते, इथे सगळं 90 दिवसांनीच मिळतं.

दुसऱ्यांच्या दारात किती उभं राहायचं, म्हणून म्हटलं आपणच फिल्म करू. शॉर्टफिल्म, बारा मिनिटांची, सांगलीच्या आयर्विन पुलावर. पैशांचा विषय काढताना मी बाबांना मुद्दाम फाळक्यांची गोष्ट सांगितली, सिनेमाच्या खटपटीत त्या माणसाने स्वतःची विम्याची पॉलिसी गहाण टाकलेली. बाबा शांतपणे ऐकून घेऊन झोपायला गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एलआयसीची सगळी कागदपत्रं कपाटातून बँकेच्या लॉकरमध्ये हलवली. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याचं रोप उगवताना शूट करून लोकांना दाखवलं होतं म्हणे, भांडवल उभं करायला. म्हणजे एका रोपट्याला फायनान्सर मिळतो आणि मी पंचवीस मिनिटं अख्खं झाड होतो, मला कोणी विचारलं? एक गोष्ट मात्र जुळली. सरस्वतीबाई फाळक्यांनी युनिटचा स्वयंपाक केला होता, आमच्या आईने पण तीन दिवस अकरा जणांच्या पोळ्या लाटल्या, फक्त सरस्वतीबाई फिल्म डेव्हलप पण करायच्या आणि आई मध्येच फ्रेममध्ये येऊन 'गरम आहे तोवर खाऊन घ्या' म्हणायची. तो शॉट एडिटमध्ये ठेवावा लागला, दुसरा नव्हताच. फेस्टिव्हलच्या एन्ट्री फी डॉलरमध्ये भरून माझं अकाउंट रिकामं झालं आणि बदल्यात पोस्टरवर लावायला त्या दोन डहाळ्या मिळाल्या, ऑफिशियल सिलेक्शनच्या. पुन्हा टाळेच.

तर, रात्री बारा. फोन डब्यांच्या उतरंडीला टेकवलेला, मागे आईची फिकट साडी, लाइट म्हणून गणपतीची माळ. बाबांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि रिया म्हणाली, 'मी जातेय अमन. कायमची.' पण ते असं आलं की रिया सांगली-पुणे विनावाहक आहे आणि फलाट क्रमांक चारवर उभी आहे. मी फुटलो. दुसरा टेक, पुन्हा फलाट. तिसऱ्याला म्हटलं बाबा, जरा हळू, ती दुःखात आहे. 'दुःखात आहे तर एवढं बोलते कशाला,' बाबा म्हणाले, आणि हा प्रश्न लेखकाला विचारण्यासारखा होता. आठव्या टेकला त्यांचा आवाज का कोण जाणे खाली आला, मला पण काहीतरी झालं, डोळे भरले, कट! पाठवून दिलं. एक दहा.

एक पंचवीसला उत्तर आलं. 'डियर, व्हर्टिकल आहे. हॉरिझॉन्टल पाठव.'

मी फोन घेऊन बसून राहिलो. आतल्या खोलीतला लाइट लागला आणि बाबा बाहेर आले, चष्मा लावलेलाच होता.

'परत करायचंय का? बरं झालं,' ते म्हणाले. 'कायमचीच्या आधी मी जरा घाई केली होती.'