बर्गनचा बंद रविवार आणि पॅटरसनच्या रिकाम्या खुर्च्या

परवा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा तोच विषय निघाला. आमच्या बर्गन काउंटीतला (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) रविवारचा बंद उठवायचा की नाही? पंधरा मिनिटांत ‘उठवा, उठवा’ असे तीसेक मेसेज आले. मी तिथे गप्प बसले, कारण मला जे म्हणायचंय ते दोन ओळींत मावणारं नाही.

न्यू जर्सीबाहेरच्या मित्रमंडळींसाठी आधी थोडं सांगते. आमच्या काउंटीत रविवारी कपडे, फर्निचर, घरातली उपकरणं, बांधकामाचं सामान विकायला कायद्याने मनाई आहे. किराणा मिळतो, औषधं मिळतात, हॉटेलं चालू असतात. पॅरामस गावात तर नियम आणखी कडक. इथे एवढाले मॉल, आणि रविवारी त्यांची पार्किंगं ओस. याचं मूळ १७९८च्या एका राज्य कायद्यात आहे. अनीतीला आळा घालायचा म्हणून रविवारी कामधंदा बंद, असा तो कायदा. १९५९ साली राज्याने हा निर्णय काउंट्यांवर सोपवला. आज असा बंद पाळणारी बर्गन ही एकटीच उरली आहे. १९९३ साली मतदान झालं, तेव्हाही लोकांनी बंद ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. २०१२ साली सँडी वादळानंतर गव्हर्नरांनी एका रविवारपुरता बंद उठवला होता.

इथे राहायला आलो त्या पहिल्या थंडीत मीही चिडले होते. लेकीला मोजे हवे होते. दुकान उघडं, दुधाची पिशवी हातात, मोजे समोर टांगलेले, आणि मध्ये दोरी बांधलेली! आज मिळणार नाहीत, उद्या या. तेव्हा कोणी मत विचारलं असतं तर मीही ‘उठवा’च म्हटलं असतं.

माझं मत बदललं ते पॅटरसनमुळे. २०२३च्या उन्हाळ्यात, दुकानं बंद म्हणून करायला काही नाही, अशा एका रविवारी आम्ही तिघं नदीपलीकडे पॅटरसनला हिंचलिफ स्टेडियमवर बेसबॉल बघायला गेलो. शेजारीच पसेइक नदीचा धबधबा, सत्त्याहत्तर फूट उंच. १९३२ साली बांधलेलं हे स्टेडियम. कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये मज्जाव होता त्या काळात न्यूयॉर्क ब्लॅक यँकीज या कृष्णवर्णीयांच्या संघाचं हे घरचं मैदान. याच गावात वाढलेला लॅरी डोबी इथे खेळला आणि १९४७ साली अमेरिकन लीगमधला (दोन मोठ्या लीगांपैकी ही एक) पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. पंचवीसहून अधिक वर्षं हे मैदान बंद पडून होतं. ते पुन्हा उभं राहिलं आणि न्यू जर्सी जॅकल्स हा छोटा संघ तिथे आला.

छोटा म्हणजे खरंच छोटा. जॅकल्स स्वतंत्र लीगमधले. मोठ्या क्लबाशी जोडलेल्या संघात खेळाडूंचा पगार तो मोठा क्लब देतो. इथे मागे कोणी नाही. तिकीट, हॉटडॉग, बिअर, टोप्या आणि फळ्यावरच्या जाहिराती, यातूनच सगळं भागवायचं. त्या दुपारी आमच्या आख्ख्या रांगेत आम्ही तिघं आणि एक बाई. फलंदाजाने मारलेल्या चेंडूचा टणत्कार काँक्रीटवरून परत ऐकू येत होता, इतकं रिकामं. पंचविशीतली पोरं जीव तोडून पळत होती आणि टाळ्या वाजवायला माणसं नव्हती. मला पोटात कालवलं.

घरी येऊन मी वाचत सुटले. रविवारच्या कायद्यांनी बेसबॉलला किती छळलंय! आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या माणसाला मॅच बघायला मिळणार कधी, तर रविवारी. आणि नेमका तोच दिवस बंद. १९०४ साली ब्रुकलिनच्या संघाने शक्कल लढवली. तिकीट विकायला बंदी ना, मग प्रवेश फुकट. फक्त आत जाताना स्कोअरकार्ड, म्हणजे सामन्याची नोंद करायचा कागद, विकत घ्यायचं, तिकिटाच्या भावाने. पोलिसांनी खेळाडूंना पकडलं. न्यूयॉर्कमध्ये रविवारच्या सामन्यांना परवानगी मिळाली १९१९ साली. पेनसिल्व्हेनियात त्यासाठी १९३३चं मतदान उजाडावं लागलं.

आणि खुद्द पॅटरसन? १९१३ साली इथल्या रेशीम गिरण्यांत मोठा संप झाला. आठ तासांचा दिवस ही त्यातली एक मागणी. रविवारी गावात सभा घ्यायला बंदी, म्हणून कामगार हजारोंनी शेजारच्या हॅलेडनला चालत जायचे आणि एका विणकराच्या घराच्या बाल्कनीतून भाषणं व्हायची. ते घर आज कामगार संग्रहालय आहे. हे वाचताना मला आमचे आजोबा आठवले. परळच्या गिरणीत साचेवाले. रविवार त्यांचा. सकाळी दाढी, मटण, आणि संध्याकाळी लालबागला कबड्डी. नारायण मेघाजी लोखंडे झगडले म्हणून १० जून १८९०पासून मुंबईच्या गिरण्यांना तो रविवार मिळाला होता. आमच्या घरात ही तारीख पाठ होती.

तेव्हा माझं म्हणणं असं. जुना कायदा चुकला तो इथे, की त्याने कामगाराला सुट्टी दिली आणि त्या सुट्टीत करायच्या गोष्टीच काढून घेतल्या. खेळ बंद, सभा बंद. आज बर्गनमध्ये उलट आहे. विक्री बंद, पण मैदान, नदी, लायब्ररी, शेजाऱ्याचं अंगण सगळं उघडं. हा बंद मला हवा आहे.

यात एक अन्याय आहे, तो मी नाकारत नाही. शनिवार पाळणाऱ्या ज्यू दुकानदाराचे दोन दिवस बुडतात. १९६१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे वैध ठरवले, सगळ्यांना मिळून एक विसाव्याचा दिवस हवा या कारणाने. पण त्या दुकानदाराचं नुकसान त्याने भरून निघत नाही. त्याला रविवारी उघडायची मुभा द्यायला हवी. मात्र त्याचं नाव पुढे करून मोठ्या साखळी दुकानांना दार उघडून द्यायला माझा विरोध आहे. न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही, न्यूयॉर्कहून झुंबड उडेल, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

त्या रांगेतल्या बाईंबद्दल सांगायचं राहिलं. साठीच्या असतील. मांडीवर स्कोअरकार्ड, हातात बोटभर पेन्सिल. माझ्या लेकीला त्यांनी शिकवलं, की फलंदाज तीन स्ट्राइक होऊन बाद झाला तर के लिहायचा, आणि तिसऱ्या स्ट्राइकला बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहिला तर तोच के उलटा. बोलता बोलता कळलं, त्या बर्गनमधल्या हायवेवरच्या फर्निचरच्या दुकानात उभ्याने काम करतात. शनिवारी रात्री नऊपर्यंत. पाळ्यांचं वेळापत्रक दर आठवड्याला बदलतं. कधी मंगळवार सुट्टी, कधी गुरुवार. मुलगा, सून, नातवंडं घरी असतात त्या दिवशी हमखास मिळणारी सुट्टी एकच, कारण कायदाच तसा आहे. जॅकल्सचे रविवारचे घरचे सामने त्या चुकवत नाहीत.

ग्रुपवर ‘उठवा’ लिहिणाऱ्यांनो, तुम्ही बहुतेक सगळे शनिवार-रविवार घरी असता. मीही असते. मला एवढंच सांगा, बंद उठल्यावर त्या बाईंची सुट्टी कोणत्या वारी?