बायोडेटातील ‘छुप्या’ शब्दांबाबत खुलासा

कंपन्यांचे नोकरभरतीचे सॉफ्टवेअर ७५ टक्के बायोडेटा माणसाच्या नजरेस पडण्याआधीच बाद करते, म्हणून नोकरीच्या जाहिरातीतील सगळे शब्द पांढऱ्या रंगात, बारीक अक्षरांत बायोडेटाच्या तळाशी चिकटवावेत, असा सल्ला सध्या फिरतो आहे. यातील आकड्यामागे पडताळून पाहता येईल असा अभ्यास कोणी दाखवत नाही; आणि उपाय तर उमेदवाराच्याच अंगलट येणारा आहे.

हे सॉफ्टवेअर मुख्यतः अर्ज साठवते, त्यांची वर्गवारी करते आणि भरती करणाऱ्याला त्यांत शोध घेऊ देते. काही ठिकाणी ते अर्जांना गुण देऊन क्रमही लावते, हे खरे. मात्र आपोआप नकार येतो तो बहुधा अर्जातील थेट प्रश्नांच्या उत्तरांवरून: आवश्यक परवाना आहे का, त्या देशात काम करण्याची परवानगी आहे का. तेथे ‘नाही’ लिहिल्यावर लपवलेले शब्द काय कामाचे? शिवाय फाइलमधील मजकूर वेगळा काढताना रंग गळून पडतो, त्यामुळे ‘नेतृत्व टीमवर्क एक्सेल एक्सेल’ अशी रांग वाचणाऱ्यासमोर उघडी पडू शकते, आणि मग उरलेल्या खऱ्या मजकुराबद्दलही शंका येते.

जाहिरातीतील शब्द वापरण्यात गैर काही नाही, पण ते कामाच्या वर्णनात यावेत: ‘एक्सेल येते’ याऐवजी ‘दरमहा साठ्याचा अहवाल एक्सेलमध्ये तयार केला’. चित्ररूपातील मजकूर आणि गुंतागुंतीचे तक्ते मात्र अनेकदा खरोखरच नीट वाचले जात नाहीत, तेव्हा ते टाळावेत.