मामांचा बाजा आणि माझा हिशेब

दादा, नमस्कार. तुम्ही लिहिलंत, "खर्चाचा पाढा वाचून तुम्ही खेड्यातल्या पोरांना घाबरवता. माझ्या मामांनी अडीचशेच्या माउथ ऑर्गनवर उभा जन्म काढला." मामांबद्दल मला शंका नाही. पण माउथ ऑर्गन शिकण्याच्या खर्चाचा तो हिशेब मी एका पोरासाठी मांडला होता.

आमच्या शेजारचा, आठवीतला. कापूस विकल्यावर बापानं त्याला दहा छिद्रांचा बाजा, म्हणजे माउथ ऑर्गन, घेऊन दिला. महिनाभरानं माझ्या ओट्यावर येऊन बसला. "काका, मले सूरच समजत नाही." खालच्या सप्तकात त्याला मध्यम सापडत नव्हता. फुंकून झालं, श्वास आत ओढून झालं. पोराचा कान शाबूत होता. त्या बाजात खाली मध्यम आणि धैवत बसवलेलेच नसतात. दुसऱ्या छिद्रातला पंचम ओढताना जीभ मागे घेऊन मध्यमापर्यंत उतरवावा लागतो, तिसऱ्यातला निषाद धैवतापर्यंत. हे साधायला महिने जातात. दुकानात कोणी सांगत नाही, आणि पोरगं समजतं की आपल्यालाच गाणं नाही. माझ्या लेखी सगळ्यात मोठा खर्च हाच.

बाराही स्वर सरळ हवे असतील तर बटणाचा क्रोमॅटिक लागतो. 12 छिद्रं, 48 रीड, म्हणजे सूर देणाऱ्या पातळ पट्ट्या, आणि किंमत हजारांत. पोरं जीव खाऊन फुंकतात, मग पितळी रीड थकते, सूर उतरतो, शेवटी तुटते. आमच्या तालुक्यात ती बदलणारा कोणी नाही. वेचणीच्या दिवसांत माझाही एक सूर मुका झाला होता. झाकणाचे स्क्रू काढले तर रीडच्या फटीत कापसाचा एक तंतू! चिमट्यानं हलकेच ओढला, सूर परत आला. हा खर्च फुकटात वाचला, पण उघडायची हिंमत हवी.

एक चूक मात्र माझीच. पहिला बाजा स्वस्तातला चालतो, हे मी लिहायला हवं होतं. वाजवण्याआधी चूळ भरावी, झाल्यावर तळहातावर आपटून ओल काढावी, थंडीत आधी खिशात ऊब द्यावी, एवढ्यानं तो बराच टिकतो.

मामांचा बाजा दुहेरी छिद्रांचा होता का, तेवढं कळवा. त्यात एका सुराला दोन रीड असतात, दोघींत किंचित फरक, म्हणून आवाज लहरतो. एक गेली तरी दुसरी वाजत राहते. घरात अजून असेल तर फेकू नका. उघडून बघायला मला आवडेल.