मुलगा इंग्लिशला, मुलगी मराठीला: ‘एक सातारकर’ यांना उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, लगेच उत्तर टाइप करायला बसले होते पण नवरा म्हणाला आत्ता रागात आहेस, राहू दे, म्हणून दोन दिवस थांबले. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या दोन मुलांना दोन वेगळ्या शाळांत का घातलं यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं असं की मुलाला साठ हजार फीची इंग्लिश शाळा आणि मुलीला फुकटातली मराठी, याला ‘वेगळ्या गरजा’ असलं गोंडस नाव देऊ नका, सावित्रीबाई ज्या जिल्ह्यात जन्मल्या तिथं राहून हे लिहायला काहीच कसं वाटलं नाही. आणि शेवटी दोन प्रश्न: मराठी शाळा एवढी चांगली आहे तर मुलाला का नाही घातलं, आणि मुलीला विचारलं होतं का.

पहिल्यांदा हे कबूल करते की तुमचा संशय चुकीचा नाही. आमच्याच गल्लीत दोन-तीन घरं दाखवते, भाऊ पिवळ्या व्हॅनमधून टाय लावून जातो आणि बहीण दप्तर पाठीला मारून चालत. कुणी तसं बोलून दाखवत नाही, पण हिशोब सगळ्यांना माहीत असतो. मी बाहेरून आमच्या घराकडं बघितलं असतं तर हीच कमेंट मी केली असती.

आता आमचं सांगते. मुलीला वाचता येत नाही हे आम्हाला तिसरीपर्यंत कळलंच नव्हतं. ती तेव्हा भाऊ आत्ता आहे त्याच शाळेत होती. रोज रात्री इंग्लिशचा धडा घडाघडा वाचून दाखवायची, आम्ही खूश. एक दिवस पुस्तकाची दोन पानं चिकटून एकदम उलटली आणि ही आपली ज्या पानावर नव्हतीच तिथला मजकूर म्हणत राहिली, बोट ओळीवरून फिरतंय, आवाज एकदम झकास, आणि समोर चित्र वेगळंच. मी भाजी नीट करत बाजूला बसले होते, हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. म्हणजे पोरगी वर्षभर ऐकून पाठ करत होती, वाचत नव्हतीच. शाळेत काय चाललंय हे नंतर कळलं, मोठ्यानं वाचायची पाळी आली की पोट दुखायचं आणि बाई बाकावर उभं करायच्या.

मग तपासण्या. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी ठीक पण अक्षरं ओळखून वाचायला-लिहायला अडचण. सर्टिफिकेटसाठी पुण्याला सरकारी दवाखान्यात तीन चकरा, त्यातली एक तर अर्धी खंबाटकीच्या बोगद्यापाशी ट्रॅफिकमध्येच गेली, पोचलो तर खिडकी बंद. ते राहू दे. 2016 च्या अपंगत्वाच्या कायद्यात अध्ययन अक्षमता आलीये (डिस्लेक्सिया त्यातच येतो), बोर्डाच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, लेखनिक मिळतो. हे सीबीएसईतही मिळतं आणि आपल्या स्टेट बोर्डातही, त्यामुळे सवलतीसाठी शाळा बदलली असं कुणी समजू नका. बदलली ती भाषेसाठी आणि पटासाठी, म्हणजे वर्गातल्या पोरांच्या संख्येसाठी.

भाषेचं असं, की आपल्याकडं क ला काना का, तो कुठंही गेला तरी का. इंग्लिशमध्ये तेच ओ-यू-जी-एच एका शब्दात ओ, दुसऱ्यात ऊ, तिसऱ्यात अफ, धडधाकट माणसाचं डोकं फिरेल. मराठीत डिस्लेक्सिया पळून जातो असं अजिबात नाही हां. घ आणि ध, भ आणि म यांची अजून मारामारी आहे (मामाला वाढदिवसाचं कार्ड केलं त्यात तो ‘भामा’ झाला, त्यानं ते कपाटावर चिकटवलंय), रफार ती ज्या अक्षराशेजारी जागा दिसेल तिथं देते, आणि चमच्यातला च आणि चहातला च वेगळा हे आपल्यालाही कधी कुणी लिहून सांगितलेलं नसतंच. पण घरात चोवीस तास मराठी, त्यामुळे अर्धा शब्द लागला की उरलेला तिला माहीत असतो. इंग्लिशमध्ये अर्धा शब्द लागून पुढं अंधार.

आणि पट. पेठेतली जुनी अनुदानित शाळा, तिच्या वर्गात बावीस पोरं. आधीच्या शाळेत बेचाळीस होती. शाळेला पटाचं टेन्शन असतं, संचमान्यतेत, म्हणजे सरकार पटावरून शिक्षक किती ते ठरवतं त्यात, पट कमी भरला की शिक्षक अतिरिक्त ठरतात, बाई बिचाऱ्या मे महिन्यात दारोदार फिरून पोरं गोळा करतात, आणि आमचा मात्र नेमका त्यातच फायदा, हे लिहिताना बरं वाटत नाही पण खरं आहे. या बाईंनी पहिल्याच आठवड्यात तिला सांगितलं की तू मोठ्यानं वाचायचं नाहीस, तू सांगायचं. म्हणजे धडा दुसऱ्या कुणी वाचायचा आणि हिनं त्यात काय झालं ते सांगायचं. यासाठी कुठलंही ट्रेनिंग लागलं नाही की फी लागली नाही.

फुकटातली म्हणालात म्हणून एक हिशोब. शाळेची फी नाही हे खरं, पण आठवड्यातून तीनदा रेमेडियलच्या मॅडम (अशा मुलांना वेगळ्या पद्धतीनं वाचायला शिकवतात त्या), चारशे रुपये एका वेळचे, महिन्याला पाच हजाराच्या आतबाहेर. यावरून दोघांवर सारखा खर्च होतो म्हणून आम्ही निर्दोष असं मला म्हणायचं नाहीये, पैसे सारखे टाकूनही माणूस दुजाभाव करू शकतो. दुसऱ्या एकांनी खाली लिहिलंय की आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत राखीव असलेल्या पंचवीस टक्के जागांतून दोघांना एकाच शाळेत घालायचं, तर आर्थिक दुर्बल गटातून त्याला उत्पन्नाची मर्यादा लाखाची आहे आणि तो प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच मिळतो, चौथीत कुठून मिळणार.

आता मुलाचं. मागच्या लेखात त्याच्यावर मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, त्यामुळे गैरसमज झाला असेल तर ती चूक माझी. त्याला टाइप वन डायबेटिस आहे. आत्ता दुसरीत आहे, सात वर्षांचा. दिवसातून इन्सुलिनची चार इंजेक्शनं, त्यातलं एक शाळेत, डबा खायच्या आधी. त्याच्या शाळेत पूर्णवेळ सिस्टर आहेत. साडेबाराला हा त्यांच्या खोलीत जातो, बोट टोचून शुगर बघतात, इन्सुलिनचं पेन लावतात, आणि पेन दाबल्यावर सुई लगेच काढायची नसते म्हणून दहापर्यंत मोजायचं असतं, ते तो मुद्दाम रेंगाळत मोजतो कारण सिस्टरांच्या टेबलावर पेपरवेट आहे, त्यातलं फूल त्याला बघायचं असतं. गेल्या महिन्यात खेळाच्या तासाला शुगर 58 वर आली. सत्तरच्या खाली म्हणजे कमी. घाम आला, बोलणं अडखळलं, सिस्टरांनी ग्लुकोज पाजलं, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, मग मला फोन. मी पोवई नाक्यापर्यंत पोचेपर्यंत दुसरा फोन, आला वर, परत खेळतोय, येऊ नका.

मुलीच्या शाळेत मी हे विचारलं होतं. मुख्याध्यापिका बाईंनी चहा दिला आणि सरळ सांगितलं, नर्स नाही, शिपाई एकच, इंजेक्शनची जबाबदारी मी घेते म्हणाले तर ते खोटं होईल. मला ते खोट्या होकारापेक्षा परवडलं. तो दहा-अकरा वर्षांचा होऊन स्वतःचं पेन स्वतः लावायला लागला की हा विषय परत उघडू.

आणि इथं तुमच्या बाजूची एक गोष्ट मला मान्य करावी लागतेय, जी तुम्हालाही माहीत नाहीये. मुलीला आम्ही चौथीत मराठीत घातलं तेव्हा मुलगा ज्युनियर केजीत होता आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं. डायबेटिस त्यानंतर वर्षानं निघाला. म्हणजे ते एक वर्ष तो इंग्लिश शाळेत होता ते कुठल्याही गरजेपोटी नाही. त्यालाही काढून ताईच्या शाळेत घालावं का, हा विचार आमच्या मनातच आला नाही. विचार करून नको ठरवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तुमची कमेंट वाचून राग आला तो बहुतेक यामुळेच.

त्या वर्षातली अजून एक गोष्ट. मुलीची शाळा बदलली तेव्हा दोन्ही घरच्यांपैकी एकानंही विरोध केला नाही. सासूबाई म्हणाल्या, “बरं केलंस बाई, पोरीच्या जातीला मराठीत शिकली म्हणून काय बिघडतंय.” माझ्या स्वतःच्या वडिलांनी फीचे पैसे वाचले म्हणून सुटकेचा श्वास टाकला. आम्ही डिस्लेक्सियाचा रिपोर्ट फाइलमध्ये लावून भांडायच्या तयारीनं बसलो होतो आणि कुणी ती फाइल मागितलीसुद्धा नाही. त्या रात्री मी नवऱ्याला विचारलं, हाच रिपोर्ट मुलाचा असता तर? तो बराच वेळ फॅनकडं बघत पडला आणि म्हणाला, तर आईनं पुण्याला खोली करून राहायला लावलं असतं आपल्याला. निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. पण तो इतका सोपा गेला ते चुकीच्या कारणानं.

मुलीला विचारलं होतं का? हो. शाळा दाखवायला घेऊन गेलो होतो, तिनं वर्ग बघितला, नळ बघितला, परत येताना राजवाड्यापाशी भेळ खाताना विचारलं, “तिथं बाकावर उभं करतात का?” मी म्हटलं विचारून सांगते. दुसऱ्या दिवशी खरंच जाऊन विचारलं. भावाच्या शाळेतला स्विमिंग पूल तिला अजून हवा असतो, दर उन्हाळ्यात त्यावरून भांडण होतं, आणि त्याचं म्हणणं असं की ताईला रोज सायकल मिळते, मला सिस्टर मिळते.

आत्ता ती सातवीत आहे. आठवीला सेमी घ्यायचं, म्हणजे फक्त गणित-विज्ञान इंग्लिशमधून, की पूर्ण मराठी ठेवायचं हे जूनच्या आत ठरवायचंय. तिला सेमी पाहिजे, मैत्रिणी सेमीला चालल्यात. रेमेडियलच्या मॅडम एक वर्ष थांबा म्हणतात. मी अजून कुणाच्याच बाजूनं नाही, पण या वेळी मुलगा असता तर काय केलं असतं हा प्रश्न आधी विचारणारे, नंतर नाही.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं, “तिला तिथंच जमेल.” तुम्ही ते वाक्य उचलून धरलंत, आणि ते घाणेरडंच आहे, जणू तिची तेवढीच पोच. ते आज बदललंय, तिथं आता “तिला तिथं वाचायची भीती वाटत नाही” असं आहे. तुमची कमेंट काढलेली नाही, राहू दे ती तिथंच.