चेंगदूला जाऊन पनीर बटर मसाला कशाला?

टूरच्या जाहिरातीत "रोज रात्री इंडियन डिनर" असं ठळक छापलेलं दिसलं ना की मला खरंच वाईट वाटतं. माणसं वर्षभर पैसे साठवून चीनला जातात आणि संध्याकाळी बसमधून उतरून थेट पनीर बटर मसाला आणि जिरा राइस. चेंगदू, म्हणजे चीनच्या सिचुआन प्रांताची राजधानी, तिच्या बाबतीत तर हे फारच लागतं मनाला. युनेस्कोने 2010 साली ज्या शहराला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला, आशियातलं पहिलंच, तिथे जाऊन तिथल्या माणसांचं रोजचं जेवण न जेवता परत यायचं?

आणि रोजचं म्हणजे लाल कंदील लावलेली मोठी हॉटेलं म्हणत नाहीये मी. हॉटपॉट पण नाही, टेबलावरच्या उकळत्या रश्श्यात एकेक जिन्नस शिजवून खायचा तो, तो जरूर खा, पण ते चार मित्र जमल्यावरचं खाणं. मी म्हणतेय त्या गल्लीतल्या खानावळी. सातआठ टेबलं, प्लॅस्टिकचे स्टूल, भिंतीवर चिकटवलेला मेनू, नवरा कढईवर आणि बायको गल्ल्यावर, दुपारी बारा वाजता आजूबाजूच्या दुकानांतली आणि ऑफिसातली माणसं येऊन भराभर जेवून जातात. आम्ही अशाच एकीत शिरलो, मी, नवरा आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, त्या पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. 

इथे ताट प्रत्येकाचं वेगळं नसतं, भाज्या मधे आणि प्रत्येकापुढे भाताची वाटी, प्रत्येकाने मधून थोडंथोडं उचलायचं. आम्ही शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवून अर्ध्या ऑर्डरी दिल्या, आणि खानावळवाल्या मावशी इतक्या आनंदाने एकेक पदार्थ दाखवत होत्या की भाषा अडलीच नाही. आधी लोणचं आलं, मुळा आणि कोबी, मिठाच्या पाण्यात मुरलेला. त्याची बरणी मी आत जाऊन पाहिली, तोंडाभोवती पन्हळ असते, त्यात पाणी भरून झाकण उपडं ठेवतात म्हणजे आतली हवा बाहेर जाते आणि बाहेरची आत येत नाही. मग बटाटा. आपल्या काचऱ्यांहून कितीतरी बारीक काड्या, धुवून स्टार्च काढलेला, मोठ्या आचेवर दोनतीन मिनिटं, वरून व्हिनेगर आणि सुकी मिरची, आणि बटाटा चक्क कुरकुरीत राहतो! वांग्याची भाजी आंबटगोड तिखट, तिच्या नावात मासा आहे पण भाजीत माशाचा पत्ता नाही, माशासाठी वापरायचा तो मसाला, एवढंच.

नवऱ्याने मापो टोफू घेतला, म्हणजे तिखट लाल रश्श्यातलं सोयाबीनचं मऊ पनीर. हा पदार्थ चेंगदूचाच, एकोणिसाव्या शतकातला, चन आडनावाच्या बाईंच्या खानावळीतून आलेला, म्हणजे खानावळीचंच जेवण. (त्यात मुळात गोमांसाचा खिमा असतो, ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच सांगा, बरेच ठिकाणी पोर्क घालतात किंवा काहीच न घालता देतात.) त्याची सगळी चव येते ती आंबवलेल्या लाल पेस्टमधून. बाकल्याचे दाणे आणि मिरची, चेंगदूशेजारच्या पीश्येनची प्रसिद्ध, रांजणात उन्हात ठेवून ढवळत ढवळत मुरवतात, चांगली असेल तर वर्षानुवर्षं.

आणि मग वरून भुरभुरवलेली ती पूड. पहिल्या घासाला ओठांना मुंग्या आल्या आणि मी एकदम आईच्या स्वयंपाकघरात पोचले. तिरफळ! माझं माहेर मालवणचं, तिरफळाशिवाय बांगड्याचं तिखलं आमच्याकडे होतच नाही. सिचुआनची मिरी आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली आहेत, दोन्हीचं नुसतं साल वापरायचं, आतली काळी बी टाकून द्यायची, जीभ बधिर करायची रीतही तीच. वास थोडा वेगळा, त्यांचा लिंबासंत्र्याकडे जाणारा. आणि मिरची आपल्यासारखीच त्यांच्याकडेही अमेरिकेतून समुद्रमार्गे आलेली, पण ही मिरी त्यांच्याकडे मिरचीच्या कितीतरी आधीपासून आहे. म्हणजे कोकणातल्या, गोव्यातल्या माणसाला हे जेवण परकं वाटायचं काहीच कारण नाही, उलट आपल्याइतकं ते कुणाला कळेल?

आपल्याकडच्या चायनीजला नावं ठेवायची नाहीत मला, मी ते आवडीने खाते. पण मंचुरियन 1975 साली मुंबईत नेल्सन वांग यांनी बनवलं असं मानतात, ते आपलं आहे, तेच शोधत तिकडे गेलात तर निराश व्हाल.

शाकाहाराचं मात्र नीट ऐका, कारण भीती खरी आहे. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, कोरड्या परतलेल्या फरसबीत सुद्धा सवयीने चिमूटभर पोर्कचा खिमा पडतो, भाजी कधी चरबीत परततात, सूप हाडांचं असतं. फोनवरच्या ट्रान्सलेटरमध्ये सगळं एकेक करून लिहा, मांस नको, खिमा नको, चरबी नको, हाडांचं पाणी नको, अंडं नको, आणि ते स्वयंपाक करणाऱ्यालाच दाखवा. आमच्यासाठी कढई धुवून वेगळ्या तेलात केलं त्यांनी, राईच्या जातीचंच तेल असतं तिकडे, जाऊबाई दोन वाट्या भात जेवल्या. अगदीच शंका वाटली तर चेंगदूच्या वनशू मठात शाकाहारी जेवण मिळतं, बौद्ध पद्धतीचं, तिथे निर्धास्त जा.

टूरवाल्यांना माझी खरोखर विनंती आहे, सगळे दिवस नको, दोन जेवणं तरी अशी मोकळी सोडा. आणि जे स्वतःचे स्वतः जाणार आहेत त्यांनी निघण्याआधीच अलीपे किंवा वीचॅट या तिकडच्या पैसे देण्याच्या अ‍ॅपवर आपलं कार्ड जोडून घ्या, 2023 पासून परदेशी कार्ड जोडणं बरंच सोपं झालंय, छोट्या खानावळीत मेनू आणि बिल दोन्ही क्यूआरवर असतं. टिप ठेवू नका, तशी पद्धत नाही. आणि आपल्या वेळेला, रात्री साडेनऊला, जाऊ नका, बऱ्याच ठिकाणी तोवर कढई घासून ठेवलेली असते, साडेसहालाच जाऊन बसा.