नासपतीने राजा पाडला नाही

घराणेशाहीवर वाद पेटला, की ठाणे-नवी मुंबईतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो: 'फ्रान्समधल्या एका चित्रकाराने गादीच्या वारसाचं तोंड नासपतीसारखं काढलं. राजाने त्याला फाशी दिली. पेटलेल्या जनतेने राजाला हाकललं. चित्राच्या लाखो प्रती घरोघर गेल्या होत्या.' सोबत चार चेहऱ्यांचं चित्र. चित्र खरं आहे.

फाशी कुणालाच झाली नाही. तो चित्रकार म्हणजे शार्ल फिलिपों, 'ला कारिकात्यूर' या व्यंगचित्र साप्ताहिकाचा प्रकाशक. त्याच्यावर नोव्हेंबर १८३१ मध्ये खटला चालला, तो वेगळ्याच चित्रासाठी. त्यात राजा लुई-फिलिप गवंडी होऊन १८३० च्या क्रांतीच्या खुणा भिंतीवरून लिंपून टाकतोय. नासपती त्याने कोर्टातच, बचावासाठी काढली: पहिला चेहरा राजासारखा म्हणून शिक्षा देता, तर दुसरा पहिल्यासारखा, तिसरा दुसऱ्यासारखा, मग फळालाही द्या! युक्तिवाद फुकट गेला. सहा महिने कैद, २,००० फ्रँक दंड.

लुई-फिलिप गादीचा सरळ वारसही नव्हता. १८३० च्या क्रांतीत आधीचा राजा दहावा शार्ल याची गादी गेल्यावर संसदेने त्याला बसवलं. क्रांतीच्या जोरावर आला आणि वचनं विसरला, हा चित्रकारांचा राग होता.

तो पायउतार झाला २४ फेब्रुवारी १८४८ ला, म्हणजे खटल्यानंतर सोळा वर्षांनी. नापिकी, मंदी, मूठभर श्रीमंतांपुरता मताधिकार आणि शेवटी मेजवानीच्या नावाने भरणाऱ्या विरोधकांच्या राजकीय सभेवर बंदी, ही कारणं. शिवाय सप्टेंबर १८३५ च्या कायद्याने चित्र छापण्याआधी परवानगी सक्तीची केली होती. लेखांना ती अट नव्हती. राजावरची चित्रं तेव्हाच थंडावली होती.

लाखो प्रतींची गोष्ट तर छापखान्यातच अडते. 'ला कारिकात्यूर'ची चित्रं शिळाप्रेसवर निघत. चुनखडीची शिळा वाळूने घासायची, तेलकट खडूने उलटं चित्र काढायचं, वर डिंकाच्या पाण्यात थोडं नायट्रिक ॲसिड. मग प्रत्येक छापाआधी शिळा ओली करून शाईचा रूळ फिरवायचा. पाणी कोऱ्या भागावर शाई बसू देत नाही. शिळा मध्येच वाळली, की कोऱ्या जागीही शाई धरते. बोटाचा तेलकट ठसा उमटला, तर तोही छापून येतो. हे सगळं हाताने, एकेक कागद. खिळ्यांचा, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवलेला, मजकूर त्याच दाबात छापता येत नाही, म्हणून चित्राचं पान वेगळं. वर्गणी वर्षाला ५२ फ्रँक. मजुराला ती कुठली परवडणार? बहुतेकांनी चित्रं पाहिली ती ही चित्रं विकणाऱ्या ओबेरच्या दुकानाच्या काचेत, फुकट.

फॉरवर्डमधलं चित्र १८३१ चं मूळ म्हणून फिरतं. त्याचा मथळा वाचा. 'शारिवारी' या फिलिपोंच्याच दुसऱ्या पत्राचा ६,००० फ्रँक दंड भरण्यासाठी विक्री, असं तिथे छापलेलं असेल, तर ती नंतरची प्रत. 'शारिवारी' सुरूच झालं डिसेंबर १८३२ मध्ये.