मोकळीक, आणि खिशातली माव्याची पुडी

गेल्या रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी आमच्या चर्चच्या मंडळीत तरुण संघातली पोरं आणि एक वडीलधारे काका यांची जुंपली. विषय टॅटूचा. एका पोरानं दंडावर क्रूस गोंदून घेतलाय. काका म्हणाले, "शरीर देवाचं मंदिर आहे, चितारायची भिंत न्हवं." पोरगं तयारीचं निघालं. "काका, सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे. पहिलं करिंथ, सहावा अध्याय, बारावं वचन." काकांचं वचन त्याच अध्यायातलं, एकोणिसावं. एकाच पानावर उभं राहून दोघं एकमेकांना दगड मारत होते. मी बटर चहात बुडवत गप्प बसलो. गप्प बसायला कारण होतं, ते पुढं सांगतो.

पोरांनो, आधी तुमच्याशी बोलतो. पहिलं करिंथ म्हणजे प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं बायबलमधलं पत्र, पण तुम्ही ज्या वाक्याचा आधार घेता ते बहुधा पौलाचं नाहीच. मूळ ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हं नसतात, त्यामुळं कुठलं वाक्य कुणाचं हे संदर्भावरून ओळखावं लागतं. बरेच अभ्यासक मानतात की "सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे" ही करिंथच्या काही विश्वासणाऱ्यांची घोषणा होती आणि पौल ती उचलून तिला उत्तर देतोय. "अन्न पोटासाठी, पोट अन्नासाठी" हेही त्यांचंच. शरीर आज ना उद्या मातीत जाणार, मग त्याचं काय घेऊन बसलाय, असा त्यांचा हिशोब. पौल हा हिशोबच उलटा करतो. देवानं प्रभूला उठवलं, तो तुम्हालाही उठवणार आहे, म्हणजे हे शरीर फेकून द्यायची पिशवी नाही.

आता काका. (काका, रागावू नका, तुमच्या हातची भजी मला अजून खायची आहेत.) या अध्यायात पौलाचा विषय टॅटू नाही, केस कापणं नाही, पोरींच्या जीन्सही नाहीत. विषय वेश्येकडं जाण्याचा आहे. मजकुरात तो शब्द स्वच्छ लिहिलाय. पण आपल्या उपदेशात तो कधी येत नाही, कारण समोर बायका-पोरं असतात. मग विषय तंबाखूवर घसरतो, तिथून कपड्यांवर, आणि कपडे म्हटले की फक्त पोरींच्या. रात्री बारानंतर मोबाईलवर काय बघतो हे पुरुषांना कुणी विचारत नाही. ज्या पुरुषांना उद्देशून तो परिच्छेद लिहिलाय ते मागच्या बाकावर आरामात बसलेले असतात.

आणि 'मंदिर' या शब्दावर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण मी कोल्हापूरचा आहे. इथं मंदिर म्हटलं की अख्ख्या गावाच्या डोळ्यासमोर अंबाबाईचं देऊळ येतं. मराठी बायबलमध्ये जिथं मंदिर लिहिलंय तिथं पौलाचा शब्द 'नाओस' आहे. देवळाचं सगळं आवार सांगायचं असलं तर ग्रीकमध्ये 'हिएरॉन' म्हणतात. नाओस म्हणजे आपल्या भाषेत गाभारा. तुमचं शरीर हा गाभारा आहे, असं तो म्हणतोय.

हे वाक्य माझ्या पणजोबांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? त्यांच्या शरीराला गाभारा सोडा, देवळाची पायरी सुद्धा बंद होती. सावली पडली तरी विटाळ. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्यांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या, १९२० मध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली, हे सगळं त्यांच्या हयातीत घडलं, तरी गावातल्या विहिरीचं पाणी काही त्यांना लगेच मिळालं नाही. अशा माणसाला कुणीतरी सांगतं की देव राहायला जागा शोधत होता आणि त्यानं तुझं अंग निवडलं. आमची आज्जी सांगायची, पणजोबा त्यानंतर शेतावरून आले की आधी आंघोळ, मग स्वच्छ धोतर, मग जेवण. कुणाच्या धाकानं नाही, घरात कुणीतरी राहायला आलंय म्हणून.

करिंथमध्येही ऐकणारे असेच होते. रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये ते शहर बेचिराख केलं आणि इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरनं पुन्हा वसवलं, तेव्हा तिथं वस्तीला आणलेल्यांत गुलामीतून सुटलेले बरेच होते. पौलाच्या मंडळीतही गुलाम होते, पुढच्याच अध्यायात तो त्यांच्याशी बोलतो. गुलामाचं शरीर मालकाचं. मालक म्हणेल तिथं ते झोपणार. "तुम्ही स्वतःचे मालक नाही, तुम्ही मोलाने विकत घेतलेले आहात" हे वाक्य आपल्याला आज धमकीसारखं ऐकू येतं. त्या गुलामाला ते मालक बदलल्याची बातमी म्हणून ऐकू आलं असणार. या वचनाची आपण छडी केली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मी गप्प का होतो ते.

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. एकोणिसाव्या वर्षी मावा सुरू झाला. सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या कागदात घालून तळहातावर घासायचा. दिवसाला एक, मग चार, मग मोजणं बंद. काही वर्षांपूर्वी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायची माझी पाळी होती आणि नेमका हाच अध्याय आला. "सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे, तरी मी कोणत्याही गोष्टीच्या अधीन होणार नाही." मोठ्यानं वाचलं. शर्टाच्या खिशात पुडी होती आणि माझं अर्धं लक्ष शेवटचं गीत कधी संपतंय याकडं होतं. पुढं एकदा पाळकांनी सांगितलं की ग्रीकमध्ये 'मोकळीक' आणि 'अधीन' हे शब्द एकाच धातूचे आहेत. माझी ज्याच्यावर सत्ता, त्याचीच उद्या माझ्यावर सत्ता. पौलानं शब्दावर कोटी केलीय, आणि ती कोटी माझ्या खिशात होती.

मग तांबडा रस्सा जळजळायला लागला. कोल्हापूरच्या माणसाला तांबडा रस्सा तोंडात धरवेना, ही काय साधी गोष्ट आहे? बायको म्हणाली तिखट जास्त पडलं असेल. डॉक्टरांनी तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. गेली नाहीत. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते, जबडा उघडेनासा होतो, आणि पुढं कॅन्सरची भीती राहते, असं त्यांनी समजावलं. मी त्यांना म्हणालो, "डॉक्टर, तंबाखू वाईट हे माहीत होतं, सुपारीचं कुणी सांगितलंच नाही." ते म्हणाले, "पुडीवर सांगणार कोण?"

म्हणून टॅटूच्या भांडणात मी कुणाच्या बाजूनं बोलू? त्या पोराचा क्रूस त्याला अधीन करत नाही, उद्या कंटाळा आला तर तो फुलबाहीचा शर्ट घालेल. अमुक एक गोष्ट आठ दिवस बाजूला ठेवता येते का, एवढंच मी आता विचारतो, आणि आधी स्वतःला. तालमीतल्या पैलवानाला चौकातली भेळ खायला कुणाची बंदी आहे? तो स्वतःच खात नाही, पुढं खासबागेत कुस्ती आहे म्हणून. पौल याच पत्रात नवव्या अध्यायात धावणाऱ्यांचं आणि मुष्टियोद्ध्यांचं उदाहरण देतो, कारण करिंथजवळच इस्थमियन खेळ भरायचे. तालीम बघितलेल्या माणसाला तो अध्याय समजावून सांगावा लागत नाही.

मावा सुटून चौदा महिने झाले. तोंड उघडायचा व्यायाम म्हणून आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या असतात. लेक काड्या जमवते, धुऊन वाळवून डब्यात ठेवते, आणि रोज सकाळी मोजायला समोर बसते. आज तेरा बसल्या. चौदावी तिनं हळूच सरकवून बघितली, गेली नाही. "उद्या बघू, पप्पा," म्हणाली आणि शाळेला पळाली.